समुद्र उजवीकडे

आचऱ्याजवळ, जिल्हा सिंधुदुर्ग
मंगळवार, दुपारची जेवणं आटोपल्यावर

चि. बाळ यास,

ताईचे भरघोस आशीर्वाद. (तुझी एकसष्टी झाली, डोक्यावर मोजके केस उरले, तरी तुला चिरंजीव लिहिताना माझं पेन अडखळत नाही. आई असती तर तिनेही हेच लिहिलं असतं.) तुझी शुगर काय म्हणते? क्षमाची टाच बरी झाली, की ती अजून घरात बूट घालून पोळ्या लाटते? मालाडला तुमच्या गल्लीचं खणकाम संपलं, की बुजवलेला रस्ता पुन्हा उकरायला घेतला? सगळं सविस्तर कळव. मी ठणठणीत आहे. ह्यांच्या तब्येतीचं एका ओळीत लिहिता येणार नाही, म्हणून तर हे पत्र.

फोन सोडून ताईला पत्र लिहायची काय हुक्की आली, असं तू क्षमाला विचारशीलच. त्याचं असं आहे की इथे फोनला रेंज फक्त विहिरीच्या काठावर मिळते, आणि विहिरीवर जे बोलावं ते अख्ख्या वाडीला पोचतं. दुसरं म्हणजे हे सारखे माझ्या आसपास असतात, आणि हल्ली ह्यांचे कान फार तिखट झालेत. मी तुला दर वेळी फोनवर सांगत होते की गाडीचं काम निघालंय म्हणून आम्ही अडकलोय. काम निघालंय हे खरं. गाडीचं नाही.

तर आधीपासून सांगते. कॅरॅव्हॅनचं खूळ ह्यांच्या डोक्यात घातलंस तू. ते पांढऱ्या केसांचं परदेशी जोडपं चाकांच्या घरात बसून समुद्रकाठाने हिंडतंय, तो व्हिडिओ गणपतीत तू दाखवलास, आणि आरती संपायच्या आत ह्यांनी कुणाकडून तरी सेकंडहँड टेम्पो ट्रॅव्हलर मिळवायचं ठरवूनही टाकलं. मी म्हटलं, आपण दोघं रिटायर्ड माणसं, नाहूरला लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमध्ये राहतो, पाणी चोवीस तास आहे, मग संडास बरोबर घेऊन फिरायची हौस कशाला? पण तुझे भावजी म्हणजे भांडुपच्या कारखान्यात आयुष्यभर ड्रॉइंग बोर्डवर वाकलेला माणूस. ह्यांनी कागदावर गाडीच्या पोटाचा नकाशा काढला. पलंग कुठे, शेगडी कुठे, फ्रिज कुठे, माझी देवाची फळी कुठे. (देवाला खिडकीजवळची जागा दिली होती, ते मला आवडलं.) मी विरघळले. दिवाळी झाल्यावर निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने वेंगुर्ल्यापर्यंत जायचं, घाई करायची नाही, हे ठरलं.

सोसायटीने निरोप मात्र थाटात दिला. सेक्रेटरीच्या बायकोने गाडीला ओवाळलं, नारळ फुटला, टाळ्या वाजल्या, आणि त्या टाळ्यांतच ह्यांनी गेट ओलांडताना डावा आरसा खांबावर घासून मोडला. सगळे हसले. हेही हसले, म्हणाले, गेट अरुंद आहे. आता ते गेट किती रुंद आहे हे मला माहीत आहे, त्यातून पाण्याचा टँकर आत येतो. पण निघताना कुठे वाद घालायचा!

पुढे आगरदांड्याला गाडी फेरीबोटीवर चढवायची होती. खालचा माणूस हातवारे करून 'इकडे, इकडे' ओरडत होता आणि हे सरळ त्याच्या उलट. डावं चाक फळीच्या कडेवरून अर्धं बाहेर लोंबायला लागलं तेव्हा बोटीवरची सगळी माणसं एकदम ओरडली. मी तर गाडीतल्या देवांना पदरात घेऊन बसले होते, म्हटलं बुडायचं तर एकत्र. चाक वर आलं, पण येताना एका कोळणीची बांगड्यांची पाटी त्याच्याखाली गेली. ती बाई कमरेवर हात ठेवून खिडकीशी आली आणि ह्यांना म्हणाली, "डोलं घरा ठेवलंस काय रं?" मला हसू आलं. ह्यांना आलं नाही. ह्यांनी खाली उतरून तिची माफी मागितली, चेपलेले सगळे बांगडे विकत घेतले, आणि मग दोन दिवस आम्ही तेच खाल्ले. (बांगडा चेपला म्हणून चवीत काही कमी होत नाही, एवढं ज्ञान मला या प्रवासाने दिलं.)

केळशीच्या बाजूला एका बोळात चिऱ्यांच्या गडग्याला घासून गाडीच्या डाव्या अंगाचा रंग गेला. वेळणेश्वरच्या वाटेवर फणसाच्या फांदीने आमची कापडी छपरी उचकटून नेली, तीही डावीकडचीच. मी अंधेरीच्या ऑफिसात आयुष्यभर गाड्यांच्या अपघातांचे क्लेम तपासले हे तुला माहीत आहे. कागद बघून मी सांगायची की हा माणूस दारू प्यायला होता, हा झोपला होता, याच्या शेजारी बायको नव्हती. आणि माझ्या स्वतःच्या घराच्या भिंतीवर तीन-तीन ओरखडे एकाच बाजूला पडले तरी माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. ह्यांनी म्हणायचं, कोकणातले रस्ते बैलगाडीच्या मापाचे, आणि मी मान डोलवायची.

कारण खरं सांगू का, मी खुशीत होते रे. हे इतक्या हळू गाडी चालवायचे की सायकलवाले आम्हाला ओलांडून पुढे जायचे. मला वाटायचं, केवढा हा निवांतपणा, आयुष्यभर घड्याळ बघून धावलेला माणूस आता कसा रमतगमत चाललाय. उन्हं कलली की हे गाडी थांबवायचे. म्हणायचे, संध्याकाळ ही बसून बघायची गोष्ट आहे. मला वाटायचं, अरे वा, हे काय नवीन! जिथे समुद्र दिसेल तिथे उतरायचे आणि नुसते बघत उभे राहायचे. फोटो नाही, बोलणं नाही. मी गाडीत कुकर लावायची, भात व्हायचा, निवायचा, तरी हे उभेच. एकदा मी वैतागून म्हटलं, समुद्र काय पळून जातोय? तर ह्यांनी परत तिकडे तोंड केलं. परतीचा रस्ता ह्यांनी आंबोली घाटातून कोल्हापूरवरून आखला होता. मी विचारलं, आल्या वाटेने समुद्र बघत का नको जायला? तर म्हणाले, थोडी हवापालट.

बाळ, नकाशा डोळ्यासमोर आण. मुंबईहून खाली येताना समुद्र सगळी वाट उजवीकडे असतो. परत जाताना तो डावीकडे आला असता.

आता मुख्य गोष्ट. देवगड सोडून आम्ही आचऱ्याकडे येत होतो. सकाळ होती, रस्ता मोकळा, मी मागे वळून थर्मासमधून चहा ओतत होते. किनाऱ्याकडे जायचं म्हणून आधी ह्यांनी उजवीकडे वळण घेतलं, ते चुकीचं निघालं, मग गाडी मागे घेऊन रस्त्याच्या डाव्या कडेला सरकवली. तेवढ्यात धप्प असा आवाज झाला. मला वाटलं, कुकर पडला. मी फळीकडे पाहिलं. कुकर जागच्या जागी होता.

स्कूटरवर एक म्हातारा होता. आमच्यापेक्षा जरा मोठा, अंगाने काटकुळा, पायांशी रेशनच्या तांदळाची पिशवी. गाडीच्या धक्क्याने स्कूटर गटारात गेली आणि तो कडेच्या दगडावर पडला. तांदूळ सगळीकडे सांडला होता. मी उतरून धावले तर तो उजव्या कुशीवर पडून आकाशाला शिव्या देत होता, आणि मी देवाची शपथ घेऊन सांगते, त्या शिव्या ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच खाली बसले. माणूस जिवंत होता. पण पाय हलवता येत नव्हता. मांडीचा वरचा भाग वेडावाकडा दिसत होता.

गावचे पोलीस पाटील सुशांत म्हणून आहेत, चाळिशीचे, शांत. ते लगेच आले. अँब्युलन्सला वेळ लागणार होता, तेव्हा त्यांनी आणि आणखी दोघांनी त्या म्हाताऱ्याला उचलून आमच्याच गाडीत, आमच्याच पलंगावर ठेवलं, आणि सुशांत स्वतः चाकावर बसले. ह्यांनी न विचारता किल्ली त्यांच्या हातात दिली. म्हाताऱ्याचं नाव सहदेव. अख्ख्या रस्ताभर तो कण्हत होता, आणि मध्येच डोळे उघडून आमचे पडदे, शेगडी, देवाची फळी बघून म्हणाला, "ह्या कसला घर मेल्यांनो? घराक चाकां?" मी त्याचं डोकं धरून बसले होते. हे समोर खाली बसले होते, दोन्ही हात मांड्यांवर उपडे ठेवून, शाळेतल्या मुलासारखे.

इस्पितळात सहदेवला आत घेतल्यावर आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. आणि इथे तुझ्या ताईने काय केलं ते ऐक. माझ्या टेबलावर आलेल्या हजारो कागदांत एक वाक्य ठरलेलं असायचं, 'समोरचा इसम अचानक आडवा आला.' झाडाला आपटलेल्या गाड्यांच्या कागदांतही असायचं. (झाड अचानक आडवं येतं.) तेच वाक्य मी बाकड्यावर बसून ह्यांच्या कानात सांगितलं. म्हटलं, एवढंच बोला, जास्त बोलू नका. हे आत गेले, मी मागोमाग. हवालदाराने विचारलं, कसं झालं? हे म्हणाले, "मला तो दिसला नाही. मला डावीकडचं दिसत नाही. डाव्या डोळ्याने गेलं वर्षभर दिसत नाहीये."

हवालदाराने पेन थांबवलं. मी ह्यांच्याकडे बघत राहिले. बाळ, इतक्या वर्षांच्या नोकरीत 'मला दिसलं नाही' असं लिहिलेला एकही कागद मी पाहिला नव्हता. पहिला निघाला तो माझ्या नवऱ्याचा.

काचबिंदू. मुलुंडच्या डॉक्टरने मागच्या वर्षीच सांगितलं होतं की डाव्या डोळ्याची नस जवळजवळ वाळली आहे, आणि उजव्याची त्याच वाटेवर आहे. थेंब घालून ती वाट लांबवता येईल, मागे फिरता येणार नाही. हे थेंब घालत होते. मला सांगितलं होतं, डोळे कोरडे पडतात म्हणून. आणि डॉक्टरने गाडी चालवू नका असंही सांगितलं होतं, हे तेव्हाच कळलं.

इस्पितळाच्या व्हरांड्यात, पिण्याच्या पाण्याच्या टाकीशी, मी ह्यांना गाठलं. लग्न झाल्यापासून मी ह्यांना कधी एकेरीत हाक मारली नाही, तुझ्या देखत नाही, एकटीनेही नाही. त्या दिवशी मी म्हटलं, "तू मला मारणार होतास." दुसरं वाक्यही तसंच आलं. "तुला माहीत होतं आणि तू मला शेजारी बसवून हिंडवत होतास."

हे म्हणाले, "सांगितलं असतं तर तू गाडी घेऊ दिली नसतीस."

"नसतीच."

"म्हणून नाही सांगितलं."

एवढंच. ना माफी, ना रडणं. मग म्हणाले, "एकदा सगळा किनारा बघून ठेवायचा होता. मग गाडी विकून टाकणार होतो." मी विचारलं, आणि या माणसाचं काय? त्यावर मात्र ह्यांनी तोंड दोन्ही हातांत घेतलं. मी ह्यांना सोडून बाहेर आले आणि गाडीच्या पायरीवर बसले. पलंगावरच्या चादरीला रस्त्याची माती लागली होती. मी ती चादर काढून धुवायला टाकली, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

सहदेवचा खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली. केस व्हायची ती झाली आहे. ह्यांनी लायसन्स आपण होऊन ठाण्यात जमा केलं, किल्ली सुशांतकडे दिली. विम्याचं मी बघते आहे, त्यात मला शिकवायला जाऊ नकोस.

आम्ही निघणार होतो, बाळ. ट्रेनचं तिकीट काढून नाहूरला, आणि तिथून वकिलामार्फत जे काय ते. पण इस्पितळात सहदेवची थोरली बहीण आली. रुक्मिणी तिचं नाव, वयाने आमच्या आईएवढी दिसते, पाठीत वाकलेली. दोघं भावंडंच घरात असतात, सहदेवची बायको केव्हाच गेली, मूल नाही. मला वाटलं, आता ही बाई शाप देणार. मी मान खाली घालून तयार होते. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुमी खय चललास?" मी म्हटलं, मुंबईला. तर म्हणाली, "तुमी जावन चलाचा नाय. तेका उठवतलो कोण?"

खरंच कोण उठवणार? ह्यांनी तर आमच्या पिशव्या उचलून तिच्यामागे चालायला सुरुवातही केली होती.

तेव्हापासून गाडी त्यांच्या खळ्यात, आंब्याखाली उभी आहे. आमचं फिरतं घर एकाच जागी मुळं धरून आहे, आणि हळूहळू सगळं त्यांच्या घरात चाललंय. आधी गादी गेली, कारण सहदेवची गादी खाचखळग्यांची होती. मग फ्रिज गेला, औषधं ठेवायला. मग ह्यांच्या त्या लाडक्या सुटसुटीत संडासाची पाळी आली. (दुकानदाराने सांगितलं होतं की हा युरोपात सुद्धा चालतो. युरोपात काय होतं ठाऊक नाही, आचऱ्याला मात्र चालतो.) ह्यांनी त्याला लाकडाची चौकट आणि धरायला दोन दांडे लावून सहदेवच्या खाटेशी बसवला. चौकट करताना हे लाकूड अगदी नाकाशी धरत होते. परवा रुक्मिणीवन्संनी (मी त्यांना वन्संच म्हणते, त्यांनीही हरकत घेतली नाही) आमचा पडदाही मागून नेला. आता गाडीत स्टिअरिंग आहे, देव आहेत, आणि चटईवर आम्ही दोघं.

सहदेव काही गोड माणूस नाही. तो आम्हाला माफ करील, मग आम्ही एकत्र चहा पिऊ, असं चित्र मनात आणू नकोस. हे रोज सकाळी त्याला उठवायला, धुवायला, बसवायला जायचे, आणि तो वाटच बघत असायचा. "इलंस मेल्या? आज आणि काय मोडूचा रवला?" तिथून सुरू. मुंबईवाल्यांवर, मोटारींवर, ह्यांच्या पोटावर, ह्यांच्या आईबापांवर. आता कधी झाडावर चढता येणार नाही, सुपारी काढायला दुसऱ्याच्या पाया पडावं लागणार, हे त्याला कळून चुकलं होतं, आणि तो सगळा जाळ तो सकाळी अर्धा तास ह्यांच्यावर ओतायचा. हे मान खाली घालून त्याच्या पायाला तेल लावत बसायचे. आणि तिथून बाहेर आले की व्यवस्थित जेवायचे. रात्री झोपायचे. मला आधी नवल वाटायचं. मग माझ्या लक्षात आलं की त्या शिव्यांवरच ह्यांचं चाललं होतं.

सहदेवला ह्यांच्या डोळ्यांचं माहीत नव्हतं. तो आपला समजून होता की हे घमेंडीत गाडी हाकणारे पैसेवाले. रुक्मिणीवन्संच्या मात्र लक्षात आलं. त्यांनी एकदा चहाचा पेला ह्यांच्या डाव्या हाताशी ठेवला, हे वळले आणि पेला कलंडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेला मुद्दाम उजवीकडे ठेवला आणि बघत उभ्या राहिल्या. मग भावाच्या खाटेशी जाऊन म्हणाल्या, "तेका डाव्या अंगान दिसना नाय. आणि दुसरोय जातलो." मी दारात होते, मला ऐकू आलं.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी हे नेहमीसारखे आत गेले. मी खळ्यात तांदूळ निवडत होते आणि शिव्यांची वाट बघत होते. आवाज आला नाही. मी उठून खिडकीशी गेले. सहदेव ह्यांच्याकडे बघत होता, आणि मग अगदी हळू म्हणाला, "येवा. बसा हयसर."

येवा. बसा. आमच्या गाडीखाली आल्यापासून पहिल्यांदा त्याने ह्यांना अहोजाहो केलं.

ह्यांनी त्याचं सगळं आवरलं, तेल लावलं, पाय उचलून उशीवर ठेवला, आणि बाहेर येऊन गाडीत शिरले. मी मागोमाग गेले तर हे स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होते. ह्यांची आई गेली तेव्हाही मी ह्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मी पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "सुलक्षणा, तो आता माझ्यावर चिडतही नाही गं."

तेव्हापासून हे नीट जेवत नाहीत. सकाळी जातात, काम करतात, सहदेव अदबीने 'पुरे करा आता, दमलास असशात' म्हणतो, आणि हे काळवंडून बाहेर येतात. आमच्या सईला मी सगळं फोनवर सांगितलं (विहिरीवर, म्हणजे वाडीलाही कळलं). तर ती पुण्याहून रोज फोन करून ह्यांना गोड बोलते, बाबा, होतं असं, तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका. सुशांत येतात, तेही म्हणतात, काका, नशिबाचा भाग. सगळं जग ह्यांच्याशी इतकं चांगलं वागायला लागलंय की माणूस पार कोसळलाय.

तेव्हा आता हा प्रवास संपला असं समजायचं. वेंगुर्ला राहिलं ते राहिलं. तू एखादा चांगला ड्रायव्हर बघून येत्या रविवारी ये, गाडी घेऊन जा आणि विकून टाक. आम्ही ट्रेनने येऊ. क्षमाला माझे आशीर्वाद आणि टाचेला एरंडाचं तेल सांग.

तुझी,
सुलक्षणाताई

ता. क. : येताना नाहूरच्या घरून ह्यांचे जास्तीचे थेंब आण, फ्रिजच्या दारात आहेत. किल्ली शेजारच्या गार्गीकडे. आणि माझे दोन जुने सुती गाऊन. इथे धुणं फार पडतं.

ता. क. दुसरा : ड्रायव्हर आणू नकोस. वरचं लिहून झाल्यावर मी पाणी प्यायला उठले, तर रुक्मिणीवन्संनी गाडीच्या उरलेल्या आरशापासून आंब्यापर्यंत दोरी बांधून सहदेवची धोतरं वाळत घातली आहेत. आता गाडी हलवायची कशी? आणि सहदेव काठी घेऊन अंगणात येईपर्यंत आम्हाला तरी कुठे हलता येतंय? रविवारी ट्रेनचं तिकीट काढून एकटाच ये. विकायचं मी वैतागून लिहिलं होतं, ते वाचलं नाहीस असं समज.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं तर याच्यासाठीच आहे : बाळ, तू येऊन ह्यांच्याशी भांड. तू ह्यांचा मेहुणा आहेस, तुझा तो हक्क आहे. माझ्या लग्नापासून तुमचं दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मला आठवत नाही, आणि ह्यांच्यावर कसं ओरडायचं हे तुला जितकं ठाऊक आहे तितकं कुणालाच नाही. मी दोनदा प्रयत्न करून पाहिला. 'तू' म्हणून सुरुवात करते, आणि पुढचं वाक्य यायच्या आत मलाच रडू फुटतं. मला जमत नाही रे. दया दाखवू नकोस. कसं वाटतंय म्हणून विचारू नकोस. माझ्या बहिणीला मारायला निघाला होतात का, इथून सुरुवात कर आणि थांबू नकोस. आवाज चढव, वाडीला ऐकू गेलं तरी चालेल. हे उलट बोलले तर फारच चांगलं. हे ओटीवर बसलेले असतील. आल्या आल्या सुरू कर, पिशवी खाली ठेवायलाही थांबू नकोस. चहा मी नंतर टाकते.